ढिगातले ओले धान्य: ऑनलाइन विक्री आणि आप्तवाक्याचा प्रश्न

स्वतः विकायला काढलेल्या मालाची स्वतःच्याच तोंडाने स्तुती करणे धर्माला धरून आहे काय, हा प्रश्न भारतीय विचारपरंपरेला नवा नाही. परंतु २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाल्यापासून नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत तो अशा माणसांपुढे येऊन उभा राहिला आहे, ज्यांना तो विचारण्याचे पूर्वी कारणच पडत नव्हते. तूर पिकवणारा शेतकरी आडतीवर माल घालून मोकळा होत असे आणि त्याची प्रतवारी व बोली दुसरेच कोणी करीत; घरी पापड, शेवया, काळा मसाला करणाऱ्या बाईचा माल ओळखीच्या घरांत खपे आणि त्या घरांना तिच्या हाताची चव आधीपासून ठाऊक असे. आता तीच तूर भरडून तिची डाळ पुण्याच्या ग्राहकाला पाठवायची, तोच मसाला कधी न पाहिलेल्या माणसाला विकायचा म्हटले, की मालाविषयी बोलण्याची जबाबदारी विक्रेत्याच्या स्वतःच्या अंगावर येते, आणि बोलायचे ते कितपत, कोणाविषयी व कोणत्या मर्यादेत, हे त्यालाच ठरवावे लागते.

ऑनलाइन मार्केटिंग म्हणजे इंटरनेटवरील साधनांनी मालाची माहिती संभाव्य ग्राहकापर्यंत नेणे आणि त्याला खरेदीस प्रवृत्त करणे. त्याची प्राथमिक अंगे फारशी गूढ नाहीत: दुकान असल्यास गूगलच्या नकाशावर ते पत्ता, वेळ व छायाचित्रांसह नोंदवणे, व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग, म्हणजे किंमत व वर्णन असलेली मालाची सचित्र यादी, तयार करणे, इंस्टाग्राम किंवा फेसबुकवर रील, म्हणजे छोटी चित्रफीत, टाकणे, आणि पुढे पैसे भरून ती ठरावीक गावातील, ठरावीक वयाच्या व आवडीच्या लोकांना दाखवणे, ज्याला बूस्ट करणे म्हणतात. हे सारे हाताखालून गेले की येते. अडचण यानंतरच्या उपदेशात आहे. माल राहू द्या, आधी स्वतःला ब्रँड करा. रोज कॅमेऱ्यासमोर या. आपले यश मोठे करून सांगा. ग्राहकाला विचार करायला सवड देऊ नका, असे या विद्येचे चालू पाठ असतात, आणि ते ऐकताना नवशिक्याला जो संकोच वाटतो त्याला आत्मविश्वासाचा अभाव असे नाव देऊन शिकवणारे मोकळे होतात. हा संकोच पुष्कळदा तसा नसतो. त्याच्या मागे शतकानुशतकांची शिकवण उभी असते, आणि ती शिकवण नेमके काय सांगते हे पाहिल्यावाचून संकोच टाकून देणे जितके चूक, तितकेच तो कवटाळून बसणेही चूक आहे.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना अमानित्व, म्हणजे मानाची अपेक्षा नसणे, आणि अदंभित्व, म्हणजे आपल्या पुण्याचे प्रदर्शन न करणे, यांचा विस्तार येतो. लोभी माणूस जीव गेला तरी पुरलेल्या ठेव्याची जागा सांगत नाही, त्याप्रमाणे ज्ञानी पुरुष आपले सत्कर्म ओठांवर येऊ देत नाही, असे ज्ञानदेव तेथे सुचवतात. सोळाव्या अध्यायात दंभाचे स्वरूप उलगडताना ते आणखी पुढे जातात आणि गुरूने दिलेली विद्यासुद्धा चव्हाट्यावर ओरडून सांगितली तर हिताऐवजी अहितालाच कारण होते, असा इशारा देतात. लातूर जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, आजच्या कर्नाटकातील बसवकल्याण येथे बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वरांनी जो विचार मांडला, आणि लातूर, उदगीर, निलंगा या भागांतील लिंगायत व्यापारी घराण्यांत जो आजही जिवंत आहे, त्यातील एका प्रसिद्ध वचनात चोरी, हत्या आणि असत्य यांच्याच पंक्तीत आत्मस्तुती व परनिंदा यांनाही बसवून त्या वर्ज्य केल्या आहेत. आजच्या भाषेत बोलायचे तर स्वतःची जाहिरात आणि प्रतिस्पर्ध्याची बदनामी या दोन्ही गोष्टी बसवेश्वरांनी एकाच दमात निषिद्ध ठरवल्या.

असे असले तरी या वचनांचा विषय कोणता, हे तपासावे लागते. ज्ञानदेव ज्याला झाकून ठेवायला सांगतात ते पुण्य, तप आणि ज्ञान आहे. ज्वारी किंवा गूळ नव्हे. बसवेश्वरांचा कायकविचार, म्हणजे प्रामाणिक श्रम हीच पूजा हा सिद्धान्त, ज्या शरणांनी, म्हणजे त्यांच्या अनुयायी भक्तांनी, आचरला त्यांत विणकर होते, नावाडी होते, दोर वळणारे होते, आणि विणलेले कापड किंवा वळलेला दोर कोणाला तरी दाखवून, त्याचे गुण सांगूनच विकावा लागत असणार. महाभारताच्या शांतिपर्वातील तुलाधार व जाजली यांचा संवाद हाच भेद कथारूपाने स्पष्ट करतो. जाजली हा तपस्वी खांबासारखा निश्चल उभा राहिला, त्याच्या जटेत पाखरांनी घरटे केले, पिले मोठी होऊन उडून गेली, आणि मग आपण धर्म साधला, असे तो मोठ्याने म्हणाला. तेव्हा आकाशवाणीने त्याला वाराणसीतील एका वाण्याकडे पाठवले. तुलाधार हा तो वाणी. तो मद्य वगळून नाना प्रकारचे रस आणि सुगंधी द्रव्ये विकत होता, आणि आपल्या धर्माविषयी त्याला सांगण्यासारखे होते ते इतकेच, की आपण कपट न करता घेतो व विकतो आणि आपला तराजू सर्वांसाठी सारखा आहे. जाहिरात केली ती तपस्व्याने, आणि दोषही त्याच्याच पदरी आला. दुकान थाटून, माल मांडून, गिऱ्हाइकाशी बोलत बसलेल्या वाण्याला या कथेने कोठेही दांभिक म्हटलेले नाही.

यावरून निघणारा भेद सोपा आहे, पण व्यवहारात तो नेमका उलटा केला जातो. विक्रेत्याने स्वतःविषयी थोडे आणि वस्तूविषयी पुष्कळ बोलावे, असे परंपरा सुचवते; स्वतःविषयी पुष्कळ आणि वस्तूविषयी मोघम बोलावे, असे आजचे धडे सांगतात. दुसऱ्या बाजूला, अदंभित्वाचा चुकीचा अर्थ घेऊन जो उत्पादक आपल्या चांगल्या मालाबद्दलही मौन पाळतो, तो धर्म पाळत नसून बाजार मोठ्याने खोटे बोलणाऱ्याच्या हाती सोपवतो. बोलणाऱ्याची मातीही खपते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही पडून राहते, ही म्हण लोकांनी याच अनुभवावरून केलेली आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची असेलही, परंतु झाकलेल्या पोत्यातील तुरीला कोणी भाव देत नाही.

येथे एक जुना आणि सोयीचा युक्तिवाद पुढे येतो. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात उपजीविकेचे प्रकार सांगताना व्यापाराला सत्यानृत, म्हणजे सत्य व असत्य यांचे मिश्रण, असे नाव दिले आहे आणि तरीही त्यावर जगण्यास मुभा ठेवली आहे. थोडे खोटे हा व्यापाराचा स्वभावच आहे, असे त्यातून ध्वनित होते. ज्या ग्रंथाचे २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे दहन झाले, त्याची सामाजिक आज्ञा न मानणारे पुष्कळ लोक त्याचे हे एक गृहीतक मात्र बिनतक्रार मानून चालतात, ही गंमत नोंदवण्याजोगी आहे. जाहिरातीत थोडे वाढवून सांगावेच लागते, हे वाक्य लातूरच्या गंजगोलाईत, जिथे वर्तुळाकार बाजारपेठेच्या मध्यभागी देवीचे मंदिर आहे, तिथेही सहज ऐकायला मिळते. तथापि समोरासमोरच्या बाजारात या गृहीतकाला एक मोठा आळा होता, आणि तो होता ग्राहकाचा हात.

आडतीवर सोयाबीनचा ढीग ओतला, की खरेदीदार वरचे दाणे पाहून थांबत नाही. तो कोपरापर्यंत हात ढिगात घालतो, तळचे मूठभर दाणे वर काढतो, तळहातावर पसरून फुंकर मारतो, माती-कचरा किती उडतो ते बघतो, एखादा दाणा दाताखाली धरून तो कटकन फुटतो की नुसता दबतो हे अजमावतो, आणि त्यानंतर ओलावा मोजण्याच्या यंत्राकडे वळतो. या ओलाव्यावर केवढे अवलंबून असते हे शासकीय खरेदीवरून दिसते: सोयाबीनसाठी तिथे १२ टक्क्यांची मर्यादा असून २०२४ च्या हंगामात ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली. नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची जी यात्रा भरते, तेथील घोड्यांच्या बाजारातही हेच चालते. घोड्याचा जबडा उघडून दातांवरून वय काढले जाते, अंगावरचे भोवरे तपासले जातात, त्याला चालवून आणि पळवून पाहिले जाते, आणि मालकाने कितीही वर्णन केले तरी शेवटचा शब्द घेणाऱ्याच्या डोळ्यांचा व बोटांचा असतो. तत्त्वज्ञानाच्या परिभाषेत सांगायचे तर हा बाजार प्रत्यक्ष प्रमाणावर चालतो. प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन, आणि प्रत्यक्ष म्हणजे इंद्रियांनी थेट मिळालेले ज्ञान. विक्रेत्याचे बोलणे तिथे दुय्यम असते, म्हणून त्यातील अतिशयोक्तीही फारशी बाधत नाही.

ऑनलाइन बाजारात हा हात तोडला जातो. ग्राहकाला वाटते की आपण छायाचित्र पाहिले म्हणजे वस्तू पाहिली, परंतु छायाचित्र कोणत्या ढिगाचे, कोणत्या बाजूने आणि कोणत्या उजेडात काढायचे हे विक्रेत्याने ठरवलेले असते. म्हणून ते चित्राचे रूप घेतलेले विक्रेत्याचे विधानच असते. याचे सर्वांत बोलके उदाहरण याच दोन जिल्ह्यांत आहे. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज तयार होतात आणि त्यांचे कापड लातूर जिल्ह्यातील उदगीरच्या केंद्रात विणले जाते. हाताने कातलेले सूत, हातमागावरची वीण, रंगाची छटा व पक्केपणा यांच्या कसोट्या भारतीय मानक ब्युरोने ठरवलेल्या आहेत. ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावर तयार झालेल्या व पॉलिस्टरच्या ध्वजांनाही परवानगी मिळाली. हातात घेतल्यावर खादी आणि पॉलिस्टर यांतील फरक लहान मुलालाही कळतो, पण मोबाइलच्या पडद्यावर दोन्ही तिरंगे एकसारखेच फडकतात, किंबहुना पॉलिस्टरचा अधिक चकाकतो. कातणाऱ्या व विणणाऱ्या हातांचे श्रम छायाचित्रात येतच नाहीत. ते शब्दांत सांगावे लागतात, आणि सांगणाऱ्यावर विश्वास असेल तरच त्यांना किंमत येते.

अशा स्थितीत ग्राहकाजवळ उरते ते केवळ शब्दप्रमाण, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणारे ज्ञान. न्यायदर्शन शब्दाला प्रमाण मानते, परंतु वाटेल त्याच्या शब्दाला नव्हे. तो आप्ताचा शब्द असावा लागतो. आप्त कोण, याचे वात्स्यायनाने न्यायभाष्यात दिलेले लक्षण आजच्या विक्रेत्यानेही वाचावे असे आहे: ज्याने वस्तू स्वतः साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच ती दुसऱ्याला सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त, आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू होते, असेही तो स्पष्ट करतो. जन्म, पंथ आणि प्रतिष्ठा यांचा येथे संबंध नाही, आणि फॉलोअरच्या संख्येचाही नाही. जो घाऊक बाजारातून आणलेले तेल न पाहता, न हुंगता, घाण्याचे म्हणून विकतो, तो पहिल्याच अटीवर बाद होतो. ज्याला सारे ठाऊक असून सांगायचे नाही, तो दुसऱ्या अटीवर. ऑनलाइन विक्री शिकू पाहणाऱ्यापुढचा खरा प्रश्न आपण प्रसिद्ध कसे व्हावे हा नसून आप्त कसे व्हावे हा आहे, आणि या निबंधाचे प्रतिपादन त्याभोवतीच फिरते.

आप्ताने स्तुती करूच नये काय? या बाबतीत मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाच्या पंडितांनी, केलेले विश्लेषण आश्चर्य वाटावे इतके उपयोगी पडते. वेदवाक्यांत विधी, म्हणजे अमुक करावे अशी आज्ञा, आणि अर्थवाद, म्हणजे ते करण्यास मन उद्युक्त व्हावे म्हणून केलेली प्रशंसा, असे भाग ते पाडतात. अर्थवादाचा हेतू माणसाला कृतीकडे वळवणे हा असल्याने त्याला जाहिरातीचा पूर्वज म्हणण्यास हरकत नसावी. अर्थवादाचे तीन प्रकार सांगितले जातात. इतर प्रमाणांच्या उघड विरुद्ध जाणारी स्तुती हा गुणवाद. यज्ञातील खांबाला सूर्य म्हणणे हे त्याचे उदाहरण, आणि तिथे कोणीही शब्दशः अर्थ घेत नाही. इतर प्रमाणांनी आधीच कळलेले पुन्हा सांगणे हा अनुवाद. आणि जे इतर प्रमाणांच्या विरुद्धही नाही व त्यांनी सिद्धही होत नाही, असे घडलेल्या गोष्टीचे कथन म्हणजे भूतार्थवाद.

लातूर जिल्ह्यातील बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे त्या नावावर त्या परिसरातील उत्पादकांचा कायदेशीर हक्क मान्य झाला. पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर यांनाही त्याच सुमारास तो मिळाला. आता बोरसुरीच्या डाळीची जाहिरात या तीन कोटींत पाडून पाहावी. ‘असे वरण स्वर्गातही मिळायचे नाही’ हे वाक्य गुणवाद आहे. ऐकणारा हसतो, फसत नाही. ‘तूरडाळीत प्रथिने असतात’ हा अनुवाद आहे. खरा आहे आणि निरुपद्रवी आहे. परंतु ‘ही डाळ बोरसुरीच्याच शिवारातली आहे, यंदाचीच आहे, तिला तेलपाणी पॉलिश केलेले नाही’ हे विधान भूतार्थवाद आहे, कारण पुण्यातील ग्राहकाजवळ ते पडताळण्याचे कोणतेही साधन नाही आणि तरी तो त्याच विधानासाठी जास्तीचे पैसे मोजतो. जाहिरातीतील असत्याचा तोल यावरून ठरवता येतो. नीतीच्या चर्चेत बहुधा स्वर्गातल्या वरणावर टीका होते, कारण अतिशयोक्ती डोळ्यांत भरते. परंतु शांत, मोजक्या, माहितीवजा शब्दांत सांगितलेले खोटे हेच सर्वांत मोठे पाप आहे, कारण ते ग्राहकाच्या असहायतेवर उभे असते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात अस्तेयव्रताचे, म्हणजे चोरी न करण्याच्या व्रताचे, जे पाच अतिचार, म्हणजे व्रताला बाधा आणणारे दोष, सांगितले आहेत त्यांत कमी-जास्त मापे वापरण्याबरोबरच खऱ्या मालाच्या जागी त्यासारखा दिसणारा माल देणे हाही एक आहे. भलत्याच ठिकाणची तूर बोरसुरीच्या नावाने विकणे ही जैन आचारशास्त्राच्या दृष्टीने थापेबाजी नाही, चोरी आहे, आणि हा निर्णय आजच्या कायद्याच्याही पुढे जाणारा आहे.

गुण सांगण्याची मर्यादा अशी ठरली, तर दोषांचे काय करावे? इस्लामी परंपरेतील एक हदीस, म्हणजे प्रेषित मुहंमद यांच्या उक्ती वा कृतीची परंपरेने जपलेली नोंद, या प्रश्नाला थेट भिडते. बाजारातून जाताना त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला, बोटांना ओल लागली, आणि विक्रेत्याने पावसाचे कारण सांगताच त्यांनी विचारले, की मग हे ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही. फसवणारा आपल्यातला नव्हे, असा निर्वाळा त्यांनी दिला. पावसाबद्दल विक्रेत्याला दोष दिलेला नाही, ओले धान्य विकण्यासही मनाई केलेली नाही. मनाई आहे ती ओल खाली दडवण्याला. आडतीवर हात घालणारा असतो, म्हणून तिथे हा नियम मोडणे अवघड. पडद्यापलीकडच्या ढिगात हात घालणारा कोणी नसल्याने ओला दाणा विक्रेत्यानेच वर आणावा लागतो. मसाला यंदा जास्त तिखट झाला आहे, डाळीत पाच-सहा टक्के तुकडा आहे, गुळात रसायन नसल्याने तो काळपट दिसतो आणि पावसाळ्यात पाघळतो, ही वाक्ये कॅटलॉगमध्ये लिहिणे म्हणजे दोषकथन. असा विक्रेता गुण सांगू लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवायला ग्राहकाला कारण मिळते, कारण जशी जाणली तशी सांगण्याची इच्छा त्याने स्वतःचे नुकसान पत्करून दाखवलेली असते.

विधान खरे असले तरी ते गळी उतरवण्याची रीत अधर्म्य असू शकते, आणि या अंगाचा सर्वांत बारकाईचा विचार बौद्ध परंपरेत सापडतो. ही परंपराही या भागात जिवंत आहे: ४ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते उदगीरच्या बुद्ध विहाराचे उद्घाटन झाले. नांदेड-लातुरातील विहारांत अष्टांगिक मार्गाचे पठण नित्य होते, आणि त्यातील सम्यक आजीविका, म्हणजे योग्य मार्गाने उदरनिर्वाह, हे अंग बहुधा शस्त्र, मद्य, विष इत्यादींचा व्यापार न करणे एवढ्यावर आटोपले जाते. मज्झिमनिकायातील महाचत्तारीसक सुत्त मात्र मिथ्या आजीविकेची व्याख्या वस्तूंवरून न करता रीतींवरून करते आणि पाच रीती सांगते: कुहना म्हणजे सोंग, लपना म्हणजे गोडबोलेपणाने घोळात घेणे, नेमित्तिकता म्हणजे सूचकपणे बोलून दुसऱ्याला द्यायला भाग पाडणे, निप्पेसिकता म्हणजे पाणउतारा करून काढून घेणे, आणि लाभाने लाभ ओढणे, म्हणजे काही देऊन त्याच्या मोबदल्यात अधिक मिळवू पाहणे. टीकाकारांनी ही यादी मुख्यतः भिक्षूंच्या दोषांना लावली असली, तरी तिच्याजवळ आजचा मोबाइल ठेवून पाहिला की कालौघात फारसे काही बदललेले नाही असे दिसते. भाड्याच्या गाडीजवळ उभे राहून आपल्या कमाईची रील करणे ही कुहना. अनोळखी माणसाला ताई-दादा करीत रोज सकाळी संदेश पाठवणे ही लपना. ‘अजून जुनेच तेल खाता? मुलांच्या तब्येतीची काळजी नाही वाटत?’ ही निप्पेसिकता. आणि मोफत शिबिर ठेवून शेवटच्या अर्ध्या तासात महागडा अभ्यासक्रम विकणे हा लाभाने ओढलेला लाभ. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशाच १३ फसव्या रीतींची यादी करून त्या निषिद्ध ठरवल्या, आणि त्यांत खोटी घाई, म्हणजे ‘फक्त दोनच शिल्लक’ किंवा ‘आज रात्रीपर्यंतच’ असे नसताना सांगणे, अग्रभागी आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी विक्रेत्याने ग्राहक बनून स्वतःच्याच मालावर अभिप्राय लिहिण्यास बंदी केली, ती तर न्यायशास्त्राच्या भाषेत आप्ताचे सोंग घेण्यालाच बंदी म्हणावी लागेल.

या संदर्भात लातूरपुरता एक विषय टाळता येत नाही. दयानंद आणि राजर्षी शाहू यांसारख्या महाविद्यालयांनी कष्टाने उभी केलेली परीक्षांतील यशाची ‘लातूर पॅटर्न’ ही ख्याती आज शिकवणी वर्गांच्या जाहिरातींचे भांडवल झाली आहे, आणि तेथे विकली जाणारी वस्तू डाळीसारखी तपासण्याजोगी नसून ती आशा आहे. यशस्वी विद्यार्थ्यांची छायाचित्रे फलकांवर आणि रीलमध्ये झळकतात. जे यशस्वी झाले नाहीत ते किती, हा ढिगातला ओला भाग तळाशी राहतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निवडीची वा गुणांची हमी देता येत नाही, आणि निवड झाल्यानंतर घेतलेल्या लेखी संमतीशिवाय विद्यार्थ्याचे नाव वा छायाचित्र वापरता येत नाही. कायदा येथवर आला हे योग्यच झाले. मात्र शेती विकून किंवा कर्ज काढून शुल्क भरणाऱ्या बापाच्या भीतीला हात घालून केलेली जाहिरात, तिचा प्रत्येक आकडा खरा असला तरी, सुत्ताच्या कसोटीवर मिथ्या आजीविकाच ठरते.

या सर्व विवेचनावर एक रोखठोक आक्षेप आहे: दोष सांगणारा मागे पडतो आणि ओरडणारा पुढे जातो, कारण पडद्यावर कोणाची पोस्ट वर येईल हे ठरवणारी यंत्रणा सत्य पाहत नाही, लोक किती वेळ थबकले ते पाहते. हा आक्षेप बराच खरा आहे, आणि त्याला ‘प्रामाणिकपणा शेवटी फायद्याचाच ठरतो’ असे गुळगुळीत उत्तर देणे हे परंपरेशी इमान राखणारे नाही. खाण्याच्या वस्तूंत ग्राहक पुन्हा पुन्हा घेतो, त्यामुळे तिथे आप्तत्वाला फळ येण्याची शक्यता असते. एकदाच विकल्या जाणाऱ्या वस्तूंत ती फारशी नसते. शिवाय फायद्यासाठी पाळलेला प्रामाणिकपणा हेही लाभाने लाभ ओढणेच होय. नांदेडला १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला आणि सचखंड श्री हजूर साहिबमुळे हे नगर शीख पंथाच्या पाच तख्तांपैकी एकाचे स्थान झाले. त्या पंथाच्या परंपरेत गुरू नानकांविषयी सांगितल्या जाणाऱ्या दोन कथा या आक्षेपाला दोन बाजूंनी उत्तर देतात. वडिलांनी नफ्याच्या सौद्यासाठी दिलेले २० रुपये तरुण नानकांनी भुकेल्या साधूंच्या अन्नावर खर्चले आणि त्यालाच खरा सौदा म्हटले; येथे लाभाची कल्पनाच बदलली आहे. सुलतानपूरच्या मोदीखान्यात, म्हणजे सरकारी धान्यकोठारात, ते मापन करीत असताना कोठार लुटवल्याची तक्रार झाली, हिशोब तपासला गेला आणि तो चोख निघाला. येथे भक्तीने हिशोबातून सूट मागितलेली नाही. औदार्य स्वतःच्या पैशाचे आणि माप दुसऱ्याच्या धान्याचे, हा फरक धर्माच्या नावाने दुकान चालवणाऱ्या पुष्कळांना उमगत नाही.

तेव्हा सत्यानृताचे मिश्रण अटळ आहे, हे मनुस्मृतीतले गृहीतक येथे पाहिलेल्या दुसऱ्या एकाही परंपरेने स्वीकारलेले नाही, असेच म्हणावे लागते. आणि ज्या बाजारात ग्राहकाचा हातच पोचत नाही तिथे ते स्वीकारण्याला आधारही उरत नाही. नांदेड-लातुरात बचत गटांना, शेतकरी गटांना आणि तरुणांना ऑनलाइन विक्री शिकवणाऱ्यांनी पहिला पाठ रीलचा न ठेवता वर्णनाचा ठेवावा: माल कोठला, कोणी केला, कधीचा, वजनाने किती आणि त्यात उणे काय, ही पाच वाक्ये शिकणाऱ्याच्या हातून मराठीत स्वच्छ लिहून झाल्याखेरीज त्याला पैसे भरून जाहिरात सुरू करू देऊ नये.